खटला नेत्यावर, निकाल अनुयायांचा

दिल्लीतील मराठी माणसाला फरिदाबादजवळचा बडखल तलाव एकेकाळचे सहलीचे ठिकाण म्हणून माहीत असतो. मला मात्र त्या नावाने प्रशासनाचा एक धडा आठवतो.

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी श्रीमती इंदिरा गांधी यांची १९७१ ची रायबरेलीतील निवड रद्द ठरविली आणि त्यांना सहा वर्षांसाठी अपात्र केले. सिद्ध झालेले दोन्ही मुद्दे सरकारी नोकरांशी निगडित होते. यशपाल कपूर यांनी १३ जानेवारी १९७१ रोजी राजीनामा दिला होता. परंतु मंजुरीचा आदेश २५ जानेवारीचा असल्याने तोवर ते शासकीय सेवेतच होते, असे न्यायालयाने मानले. दुसरे असे की, प्रचारसभांची व्यासपीठे व ध्वनिक्षेपकांची वीज यांची व्यवस्था जिल्ह्यातील शासकीय अधिकाऱ्यांनी केली होती.

अनुयायांना हे सारे क्षुल्लक वाटले. सफदरजंग मार्गावरील निवासस्थानी मेळावे भरले, २० जूनला बोट क्लबवर प्रचंड सभा झाली. माझ्या मते राजीनाम्याच्या मंजुरीची तारीख क्षुल्लक नसते. शासन आणि पक्ष यांमधली रेषा अशाच कागदांवर उभी असते. पण ती रेषा मतदाराला दिसत नाही. १९७७ च्या मार्चमध्ये रायबरेलीने त्यांचा पराभव केला, तो निकालपत्र वाचून नव्हे, तर आणीबाणी स्वतः सोसून.

३ ऑक्टोबर १९७७ रोजी सीबीआयने त्यांना अटक केली. बडखलकडे नेत असता रेल्वे फाटक बंद होते. त्या गाडीतून उतरून पुलाच्या कठड्यावर बसल्या. दुसऱ्या दिवशी अटकेला पुरेसा आधार नाही म्हणून दंडाधिकाऱ्यांनी त्यांची सुटका केली. शहा आयोगापुढे महिनोन्‌महिने जमलेल्या साक्षींपेक्षा हे एका दिवसाचे दृश्य लोकांच्या मनावर अधिक ठसले.

१९ डिसेंबर १९७८ रोजी लोकसभेने त्यांचे सदस्यत्व रद्द करून त्यांना तिहारला पाठविले. ठपका होता, मारुती कंपनीविषयीच्या संसदीय प्रश्नासाठी माहिती जमविणाऱ्या अधिकाऱ्यांना त्रास दिल्याचा. दुसऱ्याच दिवशी भोलानाथ व देवेंद्र पांडे या दोघा समर्थकांनी त्यांच्या सुटकेसाठी खेळण्यातल्या शस्त्रांच्या धाकाने विमान पळवून वाराणसीला नेले. १९८० मध्ये दोघांनाही काँग्रेसची उमेदवारी मिळाली आणि ते आमदार झाले! त्याच वर्षी जानेवारीत श्रीमती गांधी ३५३ जागांसह सत्तेवर परतल्या. ज्या अधिकाऱ्यांना त्रास झाला होता, त्यांची आठवण कोणाला राहिली?

या मनोवृत्तीचे मूळ जुने आहे. १९०८ साली लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. परकीय सत्तेच्या तुरुंगवासाला आलेले तेज स्वराज्यातील तुरुंगवासालाही आयतेच लाभले. आरोप कोणता, हा प्रश्न मागे पडतो. आरोप कोण करतो, एवढेच पाहिले जाते.

अनुयायांचे मत बदलणे हे प्रशासकाचे काम नव्हे. मात्र, दुसऱ्या दिवशी न्यायालयात टिकणार नाही अशी अटक न करणे हे त्याचेच काम आहे. अपुऱ्या तयारीने केलेली कारवाई आरोपीला हुतात्मा बनविते आणि खरा आरोपही पुसून टाकते.