अनुस्फुरक रंजके व कोशिका-पटल

कोशिकेभोवतीच्या (पेशीभोवतीच्या) पटलातील लिपिडांची म्हणजे वसायुक्त पदार्थांची मांडणी व हालचाल अभ्यासण्यासाठी अनुस्फुरक रंजके वापरतात. शोषलेल्या प्रकाशाहून अधिक तरंगलांबीचा प्रकाश तत्काळ बाहेर टाकणाऱ्या रंजकास अनुस्फुरक म्हणतात. पटलाची जाडी सु. ५ नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा एक अब्जांश) असल्याने त्यातील रेणू साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत; रंजकाच्या प्रकाशावरून मात्र त्याच्या परिसराचे अनुमान करता येते.

पटलात लिपिड रेणूंचे दोन थर असतात, असा निष्कर्ष ई. गॉर्टर व एफ. ग्रेंडेल यांनी १९२५ मध्ये तांबड्या रक्तकोशिकांवरून काढला. हे थर स्थिर की प्रवाही, हा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णित राहिला. १९७० मध्ये एल. डी. फ्राय व एम. एडिडिन यांनी उंदराच्या व माणसाच्या कोशिकांचा संयोग घडवून त्यांच्या पृष्ठभागावरील प्रथिने हिरव्या व तांबड्या रंजकांनी दर्शविली. ३७° से. तापमानास सु. ४० मिनिटांत बहुतेक संयुक्त कोशिकांत दोन्ही रंग एकमेकांत मिसळलेले आढळले. १९७२ मध्ये एस. जे. सिंगर व जी. एल. निकलसन यांनी मांडलेल्या प्रवाही कुट्टिम प्रतिकृतीस (प्रवाही लिपिडथरात प्रथिने विखुरलेली असतात या कल्पनेस) या प्रयोगाने आधार मिळाला.

यानंतर खुद्द लिपिडथरात शिरणारी रंजके प्रचारात आली. डायफिनिल हेक्झाट्राइन हे रंजक थरात जितके मोकळेपणाने फिरते तितके त्याच्या प्रकाशाचे ध्रुवण कमी होते. यावरून थराची प्रवाहिता ठरविता येते. १९७६ मध्ये डी. ॲक्सेलरॉड, डब्ल्यू. डब्ल्यू. वेब व सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या पद्धतीत लेसर किरणाने पटलावरील लहान ठिपक्यातील रंजक निस्तेज करतात व तेथे प्रकाश किती वेळात परततो यावरून रेणूंची गती काढतात. लॉर्डान हे रंजक दाट मांडणीत सु. ४४० नॅनोमीटर, तर सैल मांडणीत सु. ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश देते.

के. सिमॉन्स व ई. इकोनेन यांनी १९९७ मध्ये कोलेस्टेरॉल व स्फिंगोलिपिडे यांचे तराफ्यांसारखे पुंज पटलात असतात, अशी कल्पना मांडली. असे पुंज साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाच्या सु. २०० नॅनोमीटर मर्यादेपेक्षा लहान असल्याने त्यांच्या अस्तित्वाविषयी तीव्र वाद झाला. बंगलोर येथील नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रात आर. वर्मा व सत्यजित मेयर यांनी १९९८ मध्ये शेजारच्या रंजक रेणूंतील ऊर्जाविनिमय मोजला व लिपिडाच्या आधाराने पटलात रुतलेल्या प्रथिनांचे ७० नॅनोमीटरपेक्षा लहान पुंज असल्याचे दाखविले. २००९ मध्ये सी. एगेलिंग, एस. डब्ल्यू. हेल व सहकाऱ्यांना जिवंत कोशिकेत स्फिंगोलिपिडे २० नॅनोमीटरपेक्षा लहान क्षेत्रांत सु. १० ते २० मिलिसेकंदच अडकून राहतात, असे आढळले. म्हणजे हे तराफे स्थायी नसून क्षणभंगुर असावेत.

रंजकाचा रेणू स्वतःच आकाराने मोठा असल्याने भोवतालची मांडणी बदलू शकतो. काही रंजके दाट, तर काही सैल भागच पसंत करतात. त्यामुळे रंजकाची मात्रा अत्यल्प ठेवणे व एकाचा निष्कर्ष दुसऱ्या रंजकाने किंवा रंजकविरहित पद्धतीने पडताळणे आवश्यक ठरते.