नळातील हवा आणि तिची वाट

युरोपातील शीत देशांत घर उबदार राखण्याचे काम धुराच्या शेगडीकडून काढून नळांतून फिरणाऱ्या ऊन पाण्याकडे सोपविले गेले, त्या हुन्नराचा इतिहास बहुधा भट्टीच्या आणि ओतीव लोखंडाच्या सुधारणांतून सांगितला जातो. परंतु त्या कारागिरांची खरी झुंज चालली ती नळांत दडून बसणाऱ्या हवेशी.

१७७७ साली फ्रान्समध्ये बोनमँ याने कोंबडीची अंडी उबविण्याकरिता ऊन पाण्याचे अभिसरण योजिले, त्याची सारी मदार तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि निवालेले खाली उतरते, या निसर्गनियमावर होती. ही प्रेरणा फार क्षीण असते : तीन मीटर उंचीच्या नळांत चढत्या बाजूस ८० आणि उतरत्या बाजूस ६० अंशांचे पाणी असता मिळणारा जोर जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटर पाण्याच्या दाबाइतका भरतो. थंड पाण्यात विरघळलेली हवा पाणी तापताच सुटी होते. ती नळाच्या एखाद्या कमानीत साचली, की एवढ्याशा जोराला ती ओलांडवत नाही आणि भट्टी धगधगत असूनही पलीकडचे दालन गारठलेलेच राहते.

१८३१ साली अँजिअर मार्च पर्किन्सने इंग्लंडात बंदिस्त, जाड नळांच्या पद्धतीचे पेटंट घेतले. तीतही हवा निःशेष घालविल्यावाचून गत्यंतर नव्हते. १८३७ साली चार्ल्स हूडचा ऊन पाण्याने इमारती तापविण्यावरील ग्रंथ निघाला, आणि अशा अनुभवांतून दस्तूर ठरला : नळाला अखंड चढ द्यावा, अन् माथ्याशी हवेला निर्गमद्वार ठेवावे. पेशवाईत पुण्याच्या पाण्यासाठी बांधलेल्या कात्रजच्या नळावरील उच्छ्वासांतही हवा मोकळी करण्याची अशीच तजवीज होती.

पुढे रेडिएटर आले, पंप आले. तरी वरचा भाग थंड, खालचा ऊन आणि आत गुळगुळ आवाज, ही हवा अडकल्याची लक्षणे पालटली नाहीत. अशा वेळी पंप थांबवून लहान किल्लीने रेडिएटरची वरची झडप किंचित सैल करावी. प्रथम हवा फुसफुसते, मग थेंब उडतात, आणि पाण्याची सलग धार लागताच झडप बंद करून दाब पूर्ववत करावा. मात्र हवा वारंवार साचू लागली, तर कोठे तरी पाणी गळत असावे, असा संशय अवश्य घ्यावा. कारण भरतीचे प्रत्येक नवे पाणी नवी हवा आणते आणि तिच्यातील प्राणवायू लोखंडाला गंज चढवितो. केवळ हवा काढीत राहणे हा तात्पुरता बंदोबस्त होय. ती कोठून येते याचा छडा लावणे, हेच या हुन्नराचे खरे शिक्षण.