मुक्काम उठताना उरलेलं पाणी

मुक्काम पडतो आणि मुक्काम उठतो, असे दोन शब्द आमच्या वऱ्हाडातल्या गाडीवानांच्या बोलण्यात होते. मुक्काम पडण्याविषयी खूप लिहिलं गेलंय. चूल, भाकरी, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, हे सगळं येतं. पण सकाळी गाड्या जुंपताना घागरीत, छागलीत, बादलीत जे पाणी उरायचं, त्याचं काय करायचं हे कुठं वाचायला मिळत नाही. त्याचे नियम मात्र पक्के होते, आणि ते फार जुने असावेत.

रेल्वे येण्याआधी या मुलखातला माल लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जायचा. समुद्राकडून मीठ वर यायचं, इकडून धान्य जायचं. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली उत्तरेत एक तांडा भेटला, त्यात १४,००० बैल होते असं त्यानं लिहून ठेवलंय. एका बैलाला दिवसाला २५ लिटर पाणी धरलं तरी हा हिशेब साडेतीन लाख लिटरवर जातो, आणि त्यात माणसं अजून धरलेलीच नाहीत. एवढा जमाव एका ओढ्यावर रात्रभर थांबला आणि वाटेल तसं वागून निघून गेला, तर मागून येणाऱ्या तांड्यानं काय प्यावं? म्हणून तांडा उतरण्याच्या जागा ठरलेल्या असत, आणि पाण्याचा हुकूम नाईकाचा असे. सागर शहरातलं मोठं तळं तर आजही लाखा बंजाऱ्याच्या नावानं ओळखलं जातं.

तांड्याच्या पाण्याची एक गोष्ट आमच्याच भागात लिहून ठेवली गेली. तेव्हाच्या वणी जिल्ह्यात, म्हणजे आताच्या यवतमाळात, कंबरलेज नावाचा पोलीस अधिकारी होता. त्यानं एकोणिसाव्या शतकात लमाणांची माहिती लिहिली. तिच्यात अशी दंतकथा आहे, की शहाजहानचा वजीर आसफखान विजापूरवर चालून आला तेव्हा त्याच्या फौजेला धान्य पुरवणाऱ्या जंगी आणि भंगी या नाईकांना सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट मिळाला. बाहेर पाणी मिळालं नाही तर फौजेच्या रांजणातलं घ्या, चारा नसला तर छपराचं गवत ओढा, अशी त्यात परवानगी होती. दिवसाला तीन खूनही माफ होते म्हणे. ते राहू द्या. पण बक्षिसाच्या यादीत पाण्याचा रांजण यावा, यावरून तेव्हा साठवलेल्या पाण्याला काय किंमत होती ते कळतं.

माझा आजा कापसाच्या गाड्या हाकायचा. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, १८७० साली खामगावला फाटा आला आणि लमाणांचा धंदा बसला. पण गावापासून जिनापर्यंत कापूस न्यायला गाड्या लागतच राहिल्या. जुन्या तांड्यांच्या उतरण्याच्या जागांवर आता गाडीवान उतरू लागले, आणि जागेसोबत रीतही त्यांच्याकडे आली. आजानं मला ती रीत शिकवली नाही. तो फक्त चुकलं की ओरडायचा.

पहिला हक्क बैलांचा. उरलेलं पाणी आधी त्यांना दाखवायचं. जनावरानं तोंड फिरवलं, की मग चुलीचा नंबर. इस्तो विझवल्याशिवाय निघायचं नाही, कारण कापसाच्या गाड्या आणि वाऱ्यावर उडणारी ठिणगी. पण विझवण्यातही पद्धत होती. पाणी निखाऱ्यावर शिंपडायचं, धोंड्यावर पडू द्यायचं नाही.

"धोंड्यावर नोको टाकू रे, तापला धोंडा उलते. मांगून येनाऱ्यानं का दुसरे धोंडे धुंडत फिराव?"

चुलीचे तीन धोंडे तसेच ठेवून जायचे असत. मला वाटतं, त्या धोंड्यांनी किती लोकांच्या भाकरी भाजल्या असतील याचा हिशेबच नाही.

त्यातूनही पाणी उरलं तर झाडाला. चिंच असो की आंबा, "रातभर त्याच्याच बुडाशी निजलो नं आपन?" असं आजा म्हणायचा. खरकटं पाणी मात्र वेगळं. ते गंजातून उचलून लांब, मुरमाड जागेवर नेऊन टाकायचं. चाकोरीत तर चुकूनही नाही. आमची जमीन काळी कापसाची. बादलीभर पाण्यानं तिचा असा चिकणगारा होतो, की चाकाच्या धावेला थर बसत जातात आणि भरल्या गाडीचे बैल गुडघ्यावर येतात. आपली गाडी निघून गेलेली असते, रुततो तो मागचा.

सर्वात कडक नियम झिऱ्याचा. उन्हाळ्याच्या तोंडी नदी आटली की वाळूत हातभर खड्डा करायचा, पाणी झिरपून येतं. त्यात भांडं बुडवायचं नाही, गडव्यानं उपसून घ्यायचं. निघताना त्यावर फांदी टाकून झाकायचं, आणि काढलेलं पाणी परत त्यात ओतायचं नाही. घागरीतलं पाणी कितीही निवळशंख दिसो, एकदा काढलं ते काढलं. मी एकदा याचं कारण विचारलं तर आजा एवढंच बोलला, "पटकी येते."

त्याला हे कुणी सांगितलं असेल? १८१७ च्या नोव्हेंबरात गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जची फौज पेंढारी आणि मराठ्यांवर निघाली असताना बुंदेलखंडात तिच्या तळावर पटकी आली. माणसं हजारोंनी मेली. तळ हलवून बेतवाकाठच्या एरिच गावी नेला, तेव्हा साथ ओसरली. डॉक्टर हवेला दोष देत राहिले. पाण्यातला जंतू रॉबर्ट कॉखला कलकत्त्याच्या तळ्यात सापडला तो १८८४ साली. आमच्याकडे लोक मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडत, तिला नारळ देत. पण सोबतच काढलेलं पाणी परत झिऱ्यात ओतत नसत. कारण चूक आणि कृती बरोबर, असं त्या काळात पुष्कळ होतं.

आमच्याच अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा पूर्णेकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेत खराटा घेऊन उभे राहिले. काठावरच्या चिखलात यात्रेकरू घसरून पडायचे. बाबांनी आधी त्या चिखलाला हात घातला, मग तिथं घाट झाला. यात्रा उठल्यावर मागं काय उरतं ते पाहणारा माणूस होता तो.

आता रांजणाचं सांगतो. मोठ्या मुक्कामांवर झाडाखाली अर्धा पुरलेला रांजण असे. स्वच्छ पाणी उरलं तर निघताना त्यात ओतायचं, म्हणजे अंधारात येणाऱ्याला नदीत उतरायला नको. किती चांगली रीत, असं म्हणून थांबता आलं असतं. पण आमच्या गाड्यांसोबत महारवाड्यातल्याही दोन गाड्या असत. त्यांचा झिरा वेगळा, खालच्या अंगाला. रांजणातलं पाणी त्यांना वरून ओंजळीत वाढलं जाई, आणि त्यांच्या घागरीत उरलेलं पाणी रांजणात जात नसे. ते झाडाला. मागून येणाऱ्याची एवढी काळजी करणाऱ्या रितीत हा मागून येणारा कोण, हे आधीच ठरलेलं होतं. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा सनातन्यांनी नंतर तळ्यात शेण-गोमूत्राचे घडे ओतून ते 'शुद्ध' केलं. झिऱ्यात एकदा काढलेलं पाणीसुद्धा परत न ओतणारी माणसं ती याच समाजातली.

१९५६ च्या दसऱ्याला त्या दोन गाडीवानांपैकी एक जण नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आला. त्या हंगामात एका मुक्कामावरून निघताना त्यानं आपली घागर सरळ रांजणात ओतली. सगळ्यांच्या देखत, काही न बोलता. मग बैल जुंपले. दोघं-तिघं धोंडे घेऊन रांजण फोडायला उठले. ही गोष्ट आजा फार क्वचित सांगायचा आणि दर वेळी एकाच वाक्यावर थांबायचा.

"मी त्यातलं पानी पेलो नाही, पन रांजन फोडू देल्ला नाही."

पेलो नाही हे तो लपवत नसे. त्याचा अभिमान होता की लाज, ते त्याच्या आवाजावरून मला कधी कळलं नाही. दुसऱ्या वर्षी तो गाडीवान वेगळा निघायला लागला, त्याच्या वस्तीतल्या चार गाड्या घेऊन. आजा म्हणायचा, त्यांचा मुक्काम आमच्यापेक्षा स्वच्छ असे.

मी स्वतः गाडीसोबत गेलो ते एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाल्यावर, सत्तरच्या दशकात. केंद्राबाहेर गाड्यांची रांग दोन-दोन मैल लागायची. आम्ही तीन रात्री रांगेत काढल्या. गाडी दर काही तासांनी चार हात पुढं सरकायची, त्यामुळे मुक्काम पडलाय असं कुणालाच वाटेना, आणि मुक्काम पडलाच नाही तर तो उठणार कसा? खरकटं पाणी गाडीखालीच ओतलं जाई. मागची गाडी त्याच चिखलात येऊन उभी राही. आजा म्हातारा झाला होता, गाडीवरून उतरायचा नाही, नुसता बघायचा.

रांगेच्या तोंडाशी कुणीतरी नळ बसवलेला टिनाचा ड्रम ठेवला होता. त्याचं पाणी सगळेच प्यायचे, कोण कुठल्या वस्तीतला ते विचारत नसत. नळ पुरता बंद होत नसे, आणि खाली पोटरीभर चिखल झाला होता. तिसऱ्या दिवशी आजानं तिथूनच गडवा भरून आणायला सांगितला आणि प्याला.