खान्देशातल्या संशोधकाच्या पोटापाण्याचं काय?



परवा भाचा शिरपूरला घरी आला. रसायनशास्त्रात पीएचडी झालेला पोरगा. चहा घेता घेता म्हणाला, "मामा, पीएचडी त व्हयी गई, आते काय?" तीन वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतोय. जेवढे तास, तेवढे पैसे. उन्हाळ्यात तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. संशोधन तर बाजूलाच राहिलं.

कुणी म्हणेल, खान्देशात कसलं संशोधन, पुण्याला जा म्हणावं. पण आपला इतिहास वेगळा आहे.

सावळद्याच्या पुलावरून तापी ओलांडून धुळ्याला जा. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून जुनी दप्तरं गोळा करायचे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, पुढे बावीस झाले. एवढं काम त्यांनी कुठल्या विद्यापीठाच्या पगारावर केलं नाही, ओढगस्त सोसून केलं. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही तिथे आहे.

आता अमळनेरला चला. तिथे गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. अभ्यासकाला विद्यावेतन द्यायचं, राहायची सोय करायची आणि त्याला अभ्यास करू द्यायचा, अशी ही योजना. नोकरीच म्हणा ना, पण संशोधनाची! कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य १९३० च्या दशकात इथे संचालक होते. टी. आर. व्ही. मूर्ती, रासबिहारी दास यांच्यासारखे अभ्यासक इथे राहून गेले. इथून निघणारं इंग्रजी त्रैमासिक देशभरचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक वाचायचे. साने गुरुजीसुद्धा शाळेत शिक्षक होण्याआधी याच मंदिरात शिकायला आले होते.

म्हणजे बंगालचा विद्वान तेव्हा अमळनेरला येत होता. आज आपली पोरं बाहेर जातात. हुशारी तेव्हाही होती, आजही आहे. फरक एवढाच की तेव्हा अभ्यासकाच्या जेवणाखाण्याची जबाबदारी कुणीतरी घेतली होती.

पण एका शेठच्या दानतीवर असं काम किती पिढ्या चालणार? त्यासाठीच तर विद्यापीठ हवं. १९४९ पासून आपली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. १५ ऑगस्ट १९९० ला जळगावला आपलं स्वतःचं विद्यापीठ झालं, २०१८ साली त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. शिरपुरातही फार्मसी आणि इंजिनिअरिंगची मोठी कॉलेजं उभी राहिली. इमारती झाल्या, प्रयोगशाळा झाल्या, पीएचडीचे गाईडही झाले.

नेटमधून जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, दोन वर्षांनी ४२,०००. पण जेआरएफ मोजक्यांनाच मिळते आणि तिची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं. त्यानंतर प्रोजेक्टवरची नोकरी, तीही प्रोजेक्ट संपला की संपली. पुढे कायमची जागा भरली जात नाही तोवर तासिका!

म्हणून आपल्या आमदार-खासदारांना रस्त्या-पाण्याबरोबर एवढंही विचारा: प्राध्यापकांच्या मंजूर जागा किती, भरल्या किती, उरलेल्या कधी भरणार? आणि पोरांनो, जाहिरात दिसली की पदाच्या नावावर जाऊ नका. मुदत, दरमहा रक्कम आणि पैसे कुणाकडून येणार, हे आधी वाचा.

भाच्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुमच्या घरात असं कुणी असेल तर अनुभव जरूर लिहा. कॉलेजचं नाव नको, हकीकत पुरे.