भिंतीतलं कपाट आणि दारातला सोफा

आज इतिहास सांगणार आहे, पण राजांचा नाही. आपल्या घरातल्या सामानाचा. निमित्त झालं एका सोफ्याचं.

आमच्या गटात आम्ही बारा जणी. शनिवारची बैठक एका ताईंच्या घरकुलात भरायची. सतरंजी टाकली की सगळ्या मावायच्या. गेल्या दिवाळीत ताईंनी हप्त्यावर सोफासेट घेतला आणि आमची बैठक देवळाच्या ओट्यावर गेली, कारण घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. ताई स्वतः मात्र त्या सोफ्यावर बसत नाहीत. पाहुणे आले की त्या आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. मी त्यांना हसले नाही. माझ्याही घरात शोकेस आहे, आणि त्यातले कप मी सहा वर्षांत दोनदा काढले असतील.

मग मनात आलं, आपल्या आज्यांच्या घरात सामान इतकं थोडं, तरी त्यांचं अडत कसं नव्हतं? उत्तर भिंतीत आहे. दगडमातीची भिंत दीड-दोन फूट जाड असायची. तिच्यात दिव्याचा कोनाडा, कुंकवाच्या करंड्याचा कोनाडा. तिच्यातच लाकडी दारं लावलेलं फडताळ. मोठ्या वाड्यांत तर भिंतीच्या पोटात धान्याचं बळद. म्हणजे कपाट भिंतीतच होतं, ते जमीन अडवत नव्हतं. कपडे खुंटीला, लुगडी वळणीवर, दुधातुपाचं शिंक्यावर, गोधड्या घडवंचीवर, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड. मधली जमीन मोकळी. त्याच जमिनीवर पहाटे दळण, दुपारी पाट मांडून पंगत, रात्री अंथरूण. एकाच खोलीच्या दिवसभरात तीन खोल्या होत.

रंगांचंही तसंच. जमीन शेणाची, भिंत पांढऱ्या मातीची, खाली गेरूचा पट्टा. सगळे रंग मातीतलेच, म्हणून जुन्या लुगड्यांची रंगीबेरंगी गोधडी त्यात उठून दिसायची, पण डोळ्यांत खुपायची नाही. आता पोपटी भिंत, गुलाबी पडदा आणि मरून सोफा एकाच खोलीत भांडत असतात. पण जुन्या घराचं फार कौतुकही नको. अंधार होता, धूर होता, आणि सारवणाचं काम बाईच्याच हाताला होतं.

बसण्याची गोष्ट आणखी वेगळी. पेशव्यांच्या दरबारातसुद्धा गादी, लोड, तक्के. १७९० साली इंग्रजांचे वकील चार्ल्स मॅलेट पुण्याच्या दरबारात तह करायला आले. त्या प्रसंगाचं चित्र पुढे थॉमस डॅनियल या चित्रकाराने काढलं, त्यात साहेब लोकही खालीच बसलेले दिसतात. आपल्या गावांत खुर्चीचा मान वाढला तो कचेरीमुळे. मामलेदार, तलाठी, मास्तर, म्हणजे ज्याच्या हातात अधिकार त्याला खुर्ची. आणि खाली बसणं तरी सगळ्यांना सारखं कुठे होतं? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत बसायला स्वतःचं गोणपाट घरून न्यावं लागे, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. बाईचं बघा. सासऱ्यांसमोर सून खुर्चीवर बसत नसे, काही घरांत आजही बसत नाही. ताई उंबऱ्यात का बसतात ते यात आलं. सोफा दुकानातून आणता येतो, त्यावर बसायची सवय नाही आणता येत.

लोखंडी कपाटाला मात्र आपण बायकांनी जवळ केलं. मुंबईत गोदरेजचा कारखाना १८९७ साली कुलपांपासून सुरू झाला आणि १९२३ पासून तिथे पोलादी कपाटंही बनू लागली. पुढे कुठल्याही कंपनीचं असो, आपण त्याला गोदरेजच म्हणू लागलो. कुलपाचा कप्पा आणि त्याची किल्ली कमरेला, हे बाईला फार मोठं वाटलं. पण हे कपाट घरी येण्याचा रस्ता बहुतेक वेळा लग्नाचा. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा, तरी कपाट, पलंग, गादी हे मुलीच्या बापाने द्यायचंच. त्याने कर्ज काढून, चारचौघांत दिसेल असं घ्यायचं. ते कुठल्या खोलीत, कुठल्या भिंतीला लागणार हे त्याला माहीत नाही, आणि जिला वापरायचं तिला कुणी विचारलं नाही. आपल्या घरातल्या वस्तू एकमेकींना शोभत नाहीत, त्याचं मोठं कारण मला तरी हेच दिसतं.

तिकडे भिंत बारीक होत गेली. विटांची बाहेरची भिंत नऊ इंच, आतली साडेचार इंच. तिच्यात कसला कोनाडा आणि कसलं फडताळ? भिंतीतलं सामान जमिनीवर उतरलं. २०१६ पासूनच्या पंतप्रधान आवास योजनेत घरकुलाचं किमान क्षेत्र वीसवरून पंचवीस चौरस मीटर झालं, स्वयंपाकाची जागा धरून. म्हणजे साधारण २७० चौरस फूट.

आम्ही टेप घेऊन ताईंची पुढची खोली मोजली. दहा बाय दहा, म्हणजे शंभर फूट. पलंगाने तीस फूट घेतले, सोफासेट आणि टीपॉयने चाळीस, कपाटाने पाच. उरले पंचवीस, त्यातून दाराचा रस्ता. त्यात बारा बायका बसवायच्या! दुकानात सोफा बघताना त्याचं माप कुणी विचारलंच नव्हतं. रंग आणि हप्ता तेवढा विचारला.

ताईंना आम्ही सोफा परत करा असं म्हणालो नाही. दोन सुट्या खुर्च्या त्यांच्या नणंदेने निम्म्या पैशांत नेल्या. टीपॉय आतल्या खोलीत गेला, त्यावर आता पाण्याची कळशी असते, जुन्या घडवंचीसारखी. पलंग कोपऱ्यात सरकवला, खाली धान्याचे डबे. कपाटाच्या शेजारी भिंतीला दोन फळ्या ठोकल्या. मरून सोफ्यावर ताईंनी आईच्या हातची गोधडी घातली आणि गुलाबी पडदा काढून जुन्या पांढऱ्या सुती साडीचा केला. सुताराचे आणि खिळ्यांचे मिळून जे काही झाले, तेवढाच खर्च.

गेल्या शनिवारी बैठक परत तिथेच भरली. सोफ्यावर आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर आजी बसल्या. त्यांचे गुडघे दुखतात, खाली बसलं की उठवत नाही. त्यांनी हात धरून ताईंना शेजारी बसवलं. ताई पाच मिनिटं बसल्या आणि चहाचं निमित्त करून उठल्या. हप्ते अजून सात बाकी आहेत.