बावीस दिवसांच्या खटल्यातून उभं राहिलेलं कोर्ट

जहाज संकटात सापडलं, की ते वाचवण्यासाठी झालेला खर्च आणि समुद्रात टाकलेल्या मालाचं नुकसान जहाजमालक व मालधनी यांनी आपापल्या हिश्श्याने सोसायचं, हा दर्यावरच्या व्यापाराचा फार जुना नियम. त्याचा हिशेब मात्र किचकट. कुणाचा माल किती किमतीचा होता, कोणता खर्च सगळ्यांसाठी केला आणि कोणता एकट्या जहाजमालकासाठी, इथे भल्याभल्यांचा घोळ होतो.

१८९१ साली लंडनच्या हायकोर्टात 'रोझ विरुद्ध बँक ऑफ ऑस्ट्रलेशिया' हा असाच एक दावा न्यायमूर्ती जे. सी. लॉरन्स यांच्यासमोर आला. त्यांना या विषयाचा गंध नव्हता. सुनावणी २२ दिवस चालली, निकाल राखून ठेवला गेला, आणि तो आला तेव्हा वादाच्या मुद्द्यांचा त्यात पत्ताच नव्हता, असं लॉर्ड जस्टिस मॅकिनन यांनी १९४४ मध्ये लिहून ठेवलं आहे. लंडनच्या व्यापारी न्यायालयाचं मूळ ते याच खटल्यात पाहतात.

व्यापारी लोक कोर्टाला कंटाळून लवादाकडे वळत होतेच. पण त्यांच्या दाव्यांसाठी वेगळी व्यवस्था करायला सरन्यायाधीश कोलरिज यांचा विरोध होता. १८९४ मध्ये ते वारले आणि १८९५ मध्ये न्यायाधीशांनी एक सूचनापत्रक काढलं. संसदेचा कायदा नाही, नवी इमारत नाही. व्यापारी दाव्यांची फक्त एक वेगळी यादी केली आणि ती न्यायमूर्ती जेम्स मॅथ्यू यांच्याकडे सोपवली. मॅथ्यू व्यापारी कज्ज्यांत मुरलेले होते. लांबलचक कैफियतींऐवजी मुद्द्यांची टिपणं, दोन्ही पक्ष राजी असतील तर पुराव्याच्या काटेकोर नियमांना फाटा आणि सुनावणीसाठी जवळची तारीख, अशी त्या यादीची रीत पडली. माझ्या मते खरा शोध हाच होता: धंदा कळणारा न्यायाधीश.

आपल्याकडे विधी आयोगाने २००३ मध्ये अशा न्यायालयांची शिफारस केली, कायदा मात्र २०१५ मध्ये आला. त्यानुसार १२० दिवसांत कैफियत दाखल केली नाही, तर प्रतिवादीचा तो हक्कच जातो. ही शिस्त मला मोलाची वाटते. पण दाव्याच्या रकमेची एक कोटीची किमान मर्यादा २०१८ मध्ये तीन लाखांवर आणली गेली, आणि दुकानदाराच्या साध्या थकबाकीचे दावेही या न्यायालयांत येऊ लागले. गुंतागुंतीच्या वादांसाठी राखलेला वेळ त्यात खर्ची पडतो. व्यापारी दाव्यांचा अनुभव असलेलेच न्यायाधीश नेमावेत, असं हाच कायदा सांगतो. मर्यादा खाली आणताना तेवढे अनुभवी न्यायाधीश तालुक्या-जिल्ह्यांत कुठून आणायचे, याचा विचार आधी व्हायला हवा होता.