स्त्रीबीजांची मोजदाद

बीजकोशांत किती स्त्रीबीजें शिल्लक आहेत, याचा अदमास आज रक्ताच्या एका परीक्षेनें घेतां येतो. परंतु या परीक्षेचें मूळ शोधूं गेल्यास तें नर सशांच्या गर्भापाशीं जाऊन पोहोंचतें, हें अनेकांस नवलाचें वाटेल.

सस्तन प्राण्याचें स्त्रीबीज फॉन बेअर यानें इ. स. १८२७ मध्यें प्रथम ओळखलें. १८७० सालीं वाल्डायर या जर्मन शास्त्रज्ञानें असें प्रतिपादन केलें कीं, स्त्रीचीं सारीं बीजें तिच्या जन्माच्या सुमारासच तयार झालेलीं असतात. पुढें त्यांत भर पडत नाहीं. आजहि बहुतेक शास्त्रज्ञ हेंच मानतात. जन्मतः दहा ते वीस लाख असलेली ही पुंजी वयांत येतांना तीन-चार लाखांवर येते व रजोनिवृत्तीच्या वेळीं हजाराच्या आसपास उरते.

जिवंत देहांतील ही पुंजी मोजावी कशी? १९४७ च्या सुमारास आल्फ्रेड जोस्त या फ्रेंच शास्त्रज्ञानें सशाच्या नर गर्भांतील वृषण काढले, तेव्हां त्या गर्भांत मादीच्या गर्भाशयनलिका वाढूं लागल्या. पुरुषत्वाचा हॉर्मोन देऊनहि त्या नाहींशा होईनात. अर्थात् वृषणांतून दुसराहि एखादा स्राव येत असला पाहिजे. त्या नलिकांना म्युलर या शास्त्रज्ञाचें नांव असल्यामुळें हा स्राव अँटी-म्युलेरियन हॉर्मोन म्हणून ओळखला गेला. पुढें स्त्रीच्या वाढीस लागलेल्या लहान बीजपुटिकांतूनहि तो स्रवतो, असें आढळलें. पुटिका जितक्या अधिक, तितका स्राव अधिक. रक्तांतील अत्यल्प हॉर्मोन मोजण्याची वाट तर रोझालिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनीं १९६० च्या सुमारासच दाखविली होती.

परंतु बीजांचा अदमास म्हणजेच मातृत्वाचें भविष्य, असा समज पसरला आणि तेथेंच घोटाळा झाला. वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नसलेल्या, ३० ते ४४ वर्षांच्या ७५० स्त्रियांची एक पाहणी अमेरिकेंत २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. ज्यांच्या रक्तांत हा हॉर्मोन कमी होता, त्यांनाहि गर्भधारणा इतरांइतकीच झाली. कारण गर्भधारणेस एक निकोप बीज पुरतें. आणि बीजाचा निकोपपणा मुख्यतः वयावर अवलंबून असल्यानें तो या आंकड्यांत दिसत नाहीं. कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांत औषधाची मात्रा ठरविण्यास ही परीक्षा निश्चित उपयोगी आहे. मात्र लहान आंकडा पाहून खचणारी तरुणी आणि मोठा आंकडा पाहून निर्धास्त राहणारी चाळिशीची स्त्री, या दोघींचीहि त्यांत फसगत होते. कणगींत दाणे किती, हें माप सांगतें. दाणा रुजेल कीं नाहीं, हें सांगत नाहीं.